सुक्या बावीचा कठडा

माझा धाकटा भाऊ गोव्यातल्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी परतला तो काजूच्या कलमांची नर्सरी टाकायला. गाव आमचं कुडाळ-मालवण रस्त्यापासून आत, धामापूरच्या अलीकडे. घरात आई एकटी. मी नोकरीपायी कुडाळला बिऱ्हाड करून राहतो आणि शनिवारी-रविवारी घरी जातो. भाऊ कायमचा येणार म्हटल्यावर आईने बोलून काही दाखवलं नाही, पण पडवीतली लाकडं हलवून त्याच्या मोटारसायकलला जागा करून ठेवली.

पहिल्या वर्षी त्याने थोडीच कलमं बांधली. ती जगली आणि पावसाच्या तोंडावर विकली गेली. दुसऱ्या वर्षी हिंमत करून त्याने पाचपट पिशव्या भरल्या. कलमं पावसाळ्यात बांधायची आणि लोक ती लावायला नेणार थेट पुढच्या जूनमध्ये. मधला उन्हाळा त्यांना पाणी घालून काढावा लागतो. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमच्या घरची बाव एप्रिल लागला की माणसांपुरती आणि गोठ्यापुरतीच उरते. पहिल्या वर्षी तेवढ्यात भागलं होतं. आता भागणार नव्हतं.

भावाने मला सरळ सांगितलं. एप्रिलात नवी बाव खणायची. कलमं जगली तर गावात राहायचं, नाही जगली तर गोव्याला परत. त्याच्या जुन्या साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं होतं आणि जूनच्या आत कळव म्हणाले होते. आईला यातलं सगळं माहीत होतं, पण आमच्या घरात माहीत असलेल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही.

जागा दाखवायला त्याने पाणाड्याला बोलावलं. आमच्या भागात बाव खणायची तर पाणाड्याशिवाय कुणी कुदळ मारत नाही. हा पाणाड्या साठीच्या पुढचा, कपडे स्वच्छ, बोलणं कमी. स्कूटरवरून आला, पायातल्या चपला काढल्या, एक सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि आमच्या वरच्या भाटात, म्हणजे घराच्या वरच्या बागायतीत, सावकाश फिरू लागला. फणसाच्या पुढे एका ठिकाणी नारळ हळूहळू उठला आणि शेंडीवर उभा राहिला. तळहात हलला नव्हता, निदान मला तरी दिसला नाही. भावाने तिथे दगड ठेवला.

भाऊ मला हळूच म्हणाला, "हेंनी दाखवलेली एक पण बाव फुकट जाऊक नाय. आपल्या वाडीत बघ, सगळ्यांक पाणी आसा."

चहा घेताना मी पाणाड्याला विचारलं, "काकानू, तुमी दाखवल्यात आणि पाणी लागूक नाय, असा कधी झाला काय?"

त्याने कपातून वर बघितलं. "माका कोण सांगूक येतलो? पाणी लागला तर नारळ घेवन येतत. नाय लागला तर माका बघून वाट बदलतत."

भाऊ हसला. पाणाड्याही हसला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मात्र तो संबंध दिवस तेच वाक्य घोळवत बसलो, आणि त्याला कारण माझी नोकरी.

मी शेतीच्या खात्यात आहे. आता कागदाचं काम असतं, पण बरीच वर्षं मी पीक कापणीचे प्रयोग केले. तालुक्यात भात किती पिकलं हे सगळं शेत कापून कुणी मोजत नाही. काही गावं, त्या गावांतली काही शेतं आणि त्या शेतातला दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा एक तुकडा घ्यायचा. तो कापायचा, झोडायचा, वजन करायचं. त्यावरून तालुका. ऐकणाऱ्याला हा अंगठ्यावरून उंची सांगण्यातला प्रकार वाटतो. पण तो खरा ठरतो, कारण तो तुकडा कुणी निवडलेला नसतो. आकडे आधी ठरलेले असतात, आता ते मोबाइलच देतो. आकड्याइतकी पावलं बांधाच्या कोपऱ्यातून आत चालायची आणि जिथे थांबाल तिथे खुंटी ठोकायची. जिथे पडला तिथे.

एवढं साधं असूनही सगळ्यात जास्त भांडण त्यावरच होतं. शेतकरी हाताला धरून ओढतो, "सायबानू, हय नको, थंय घेवा, थंय बरा आसा." एकदा आमचा तुकडा नेमका म्हशीने बसकण मारलेल्या जागी पडला. निम्मं भात आडवं. शेताचा मालक म्हणाला, "म्हशीचो हिशोब तालुक्याक लावतलात?" मी म्हटलं, "सगळ्या तालुक्यात कुठे ना कुठे म्हैस बसलीच आसतली." तो हसला, पण त्याला ते पटलं नाही. मलाही त्या दिवशी ते शेत बघून वाईट वाटलं. तरी वजन होतं तेच लिहिलं. सोलकढी न ढवळता वरवरची चाखली तर पाण्याची चव कळते, कढीची नाही. चांगला भाग बघून घेतलेला नमुना असाच असतो.

आता पाणाड्याचं वाक्य. त्याच्याकडे येणारी माणसं म्हणजे त्याचा नमुना. पण तो नमुना आपोआप पडलेला नव्हता. पाणी लागलेलीच माणसं येत होती. त्यामुळे तो खोटं बोलत नसतानाही त्याचा हिशोब चुकत होता. आणि आमचाही. वाडीतल्या सगळ्या बावींना पाणी आहे असं भाऊ म्हणाला तेव्हा तो खरंच सांगत होता. ज्या खड्ड्याला पाणी लागलं नाही त्याला बाव म्हणतच नाहीत. तो बुजवतात, त्यावर केळ लावतात आणि चार पावसाळ्यांत तो खड्डा होता हेही विसरतात.

मी हे भावाला सांगितलं. तो वैतागला.

"दादा, तुका हेंच्यार पण शंका?"

"शंका नाय. कोणी मोजूक नाय, एवढाच सांगतंय."

"मगे मोज. तुझी सुट्टी, तुझे पाय."

आई आतून म्हणाली, "दोघव जावा. एकटो गेलो तर लोकांक वाटतला जनगणना इली."

म्हणून दोन रविवार आम्ही वाडीतल्या घराघरांत गेलो. आमच्या वाडीची दोन अंगं आहेत. खालचं अंग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला, माडांत. वरचं अंग चढावर, त्याच्याही वर कातळाचा सडा. आमचं घर वरच्या अंगाला.

पहिल्या घरातच माझा प्रश्न चुकला. मी विचारलं, "तुमची बाव कोणी दाखवली?" उत्तर मिळालं, पण हवं ते नव्हे. दुसऱ्या घरापासून मी विचारू लागलो, "तुमी आजपर्यंत कितके खड्डे खणल्यात?" घरमालक म्हणायचा, "एकच." मग आतून बाईचा आवाज यायचा, "आणि फणसाखालचो तो?" "तो खंय खणलो? तो जरा उकरलो." "जरा? चार गडी म्हयनोभर जेवत होते माझ्या हातचा." असं प्रत्येक घरी. पुरुषांना लागलेलं पाणी आठवत होतं, बायकांना रांधलेलं जेवण.

खालच्या अंगाला व्हाळाला लागून एका काकीचं घर आहे. मुलगे मुंबईला, ती आणि तिचे माड. आम्ही कशासाठी फिरतो आहोत ते ऐकून ती ओटीवर टेकली.

"आमच्या बावीक पाणाडो नाय आणि नारळ नाय. हय कुत्र्यान माती उकरली तरी पाणी लागता. मे म्हयन्यात पण पुरुषभर आसता. उपसूक माणूस नाय." मग भावाकडे बघून म्हणाली, "तू रे, गोव्याची बरी नोकरी सोडून हय खड्डे मोजीत फिरतस?"

"मी नाय, दादा मोजता."

"तो सरकारी आसा. तेका मोजल्याचो पगार मिळता."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून मी सगळं जुळवलं. वाडीत बाव म्हणून खणलेले खड्डे एकोणीस. पाणी टिकलेले चौदा, सुके पाच. पाणाड्याने दाखवलेले बारा, त्यांतले नऊ ओले. लोकांनी आपल्या मनाने खणलेले सात, त्यांतले पाच ओले. बारात नऊ आणि सातात पाच यांत फार फरक नाही. पण खरी गोष्ट वेगळीच होती. खालच्या अंगाचे अकराच्या अकरा खड्डे ओले होते, मग नारळ फिरलेला असो वा नसो. सुके पाचही वरच्या अंगाचे. वरच्या अंगाला एकूण आठ खणलेले, त्यांतले तीनच ओले. पाणाड्याचं नाव व्हाळाने मोठं केलं होतं, आणि भावाला खणायचं होतं सड्याच्या बाजूला.

मी त्याला म्हटलं, "आपल्या अंगाक आठात तीन."

"म्हणजे लागतला काय नाय?"

"आठात तीन म्हणजे आठात तीन."

"दादा, माका काय आठ बावी खणूच्यो आसत? एकच खणूची आसा. एका बावीत तीन-अष्टमांश पाणी लागणा नाय. एक तर लागतला, नाय तर नाय."

याचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे आहे असं म्हणवत नाही. माझे आकडे वाडीबद्दल बोलतात. तालुक्याचं उत्पन्न मी सांगू शकतो, पण अमक्या शेतकऱ्याच्या कणगीत किती पडेल ते मला सांगता येत नाही. ज्याच्याजवळ एकच शेत आहे त्याला तालुक्याची सरासरी खायला मिळत नाही. शिवाय आठ हा आकडाही लहान. आणखी दोन घरांनी खणलं असतं तर तीनाचे पाच झाले असते किंवा तीनच राहिले असते. मी त्याला हे सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता एवढं मात्र छाती पुढे काढून म्हटलं, की आकडा लहान असला तरी पुरा आहे, वाडीतला एकही खड्डा सुटलेला नाही.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि आपलो?"

"आपलो खंयचो?"

"गायरी."

गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. गोठ्यामागे आमची गायरी आहे. लहानपणी रोज सकाळी शेणाची पाटी तिच्यात टाकणं हे माझं काम होतं. इतकी खोल आणि इतकी गोल गायरी गावात दुसरी नाही, याचा मला मुलगा म्हणून अभिमानसुद्धा होता.

"ती गायरी म्हणान कोणी खणूक नाय," आई म्हणाली. "तुझ्या बापाशीन बाव म्हणान खणल्यान. ह्याच पाणाड्याच्या बापाशीन दाखवलेली. काळो फातर लागलो, पाणी लागूक नाय. तू तेव्हा पाळण्यात होतस. मगे तेंनी एक दीस शेणाची पाटी नेवन ओतल्यानी आणि परत कधी तेचा नाव काढूक नाय."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. वाडीभर फिरून लोकांच्या केळीखालचे खड्डे मी शोधले होते आणि रोज पाटी रिकामी केली तो खड्डा मोजला नव्हता. मला वाटतं, मोजणारा माणूस स्वतः जिथे उभा असतो तेवढी जागा त्याच्या मोजणीतून हटकून सुटते.

"नवात तीन," मी म्हटलं. "म्हणजे तीनात एक."

"सांगल्यानी," आई म्हणाली. "घरात एवढो गणितवालो आणि तेका गायरी दिसाक नाय."

मग भावाने एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा बरा होता. "खणूक नाय तर कितक्यात कितके?"

खणलं नाही तर कलमं मरणार हे नक्की होतं. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

"मगे तीनात एक बरो," तो म्हणाला.

मी त्याला खण म्हणालो नाही, नको म्हणालो नाही. आकड्यावरून शक्यता कळते. पण हरलो तर काय जाईल आणि जिंकलो तर काय राहील, हे ज्याचं त्याने तोलायचं असतं. भावाने ते तोललं होतं. फरक एवढाच पडला, की नारळ उभा राहिला म्हणून पाणी लागणारच, असं मानून तो आता खणणार नव्हता. तीनात दोन वेळा हात रिकामे राहतात हे माहीत असून खणणार होता. मला तेवढं पुरेसं वाटलं. त्याला वाटलं का, ते मी विचारलं नाही.

खणायच्या दिवशी दगडापाशी नारळ ठेवून वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी नीट ऐकलं. त्यात पाणी दे असं एकदाच येतं. बाकी सगळं, काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल आणि करणाऱ्याच्या पाठीशी राहा, असं. प्रत्येक वाक्याला आम्ही "होय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणालो, आणि मनापासून.

वरचा जांभा जेसीबीने फोडला. त्याखाली गडी उतरले आणि भाऊ त्यांच्याबरोबर. जांभ्याखालची पांढरट मऊ माती लागली, तेव्हा ती हाताला गार लागत होती. दुसऱ्या दिवशी ओली लागली. भावाने मला कुडाळला फोन करून सांगितलं, "ओल आसा." मी ऑफिसात होतो. मी फक्त "बरा" म्हटलं, पण त्या दिवशी माझ्या हातून एका तक्त्याची बेरीज दोनदा चुकली. त्यानंतर फोन आला नाही. शनिवारी घरी गेलो तेव्हा गडी निघून गेले होते आणि भाऊ काठावर बसला होता. खाली काळा फत्तर होता. एका फटीतून पाणी पाझरत होतं. रात्रभरात कळशी भरेल इतकं.

"तीनातल्या दोन सुक्यांतलो," तो म्हणाला.

मला त्या वेळी माझं सगळं शास्त्र नकोसं झालं. तीनात एक ही शक्यता बरोबर होती का चूक, हेसुद्धा त्या एका खड्ड्याने ठरत नव्हतं. पाणी लागलं असतं तरी ठरलं नसतं.

बघायला येणारी माणसं चांगल्या मनाने तेच तेच सांगत होती, बुजव, केळी लाव, नाय तर गायरी कर. आईने ते ऐकलं आणि ती आत गेली. रविवारी सकाळी भाऊ मोटारसायकल काढून गेला आणि पाणाड्याला मागे बसवून घेऊन आला. भांडायला आणलं असेल असं मला वाटलं. पण त्याने त्याला काठावर नेऊन उभं केलं, एवढंच.

पाणाड्याने बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाला, "असो खड्डो बघूक माका आजपर्यंत कोणी हाडूक नाय."

"म्हणानच हाडलंय," भाऊ म्हणाला. "राग नाय काकानू. पण तुमका कळूक व्हया."

"असे आनी कितके?"

मी त्याला सांगितलं. वरच्या अंगाला त्याने दाखवलेले पाच आणि हा सहावा, त्यांतले ओले दोन. खालच्या अंगाचे सातही ओले. तो बोटं मोजत होता की नुसता बोटं दाबत होता, कळलं नाही. "वरच्या अंगाक नारळ उठता, तां खरा," तो म्हणाला. "कशाक उठता, तां आता सांगूक येणा नाय." आईने त्याला चहा दिला. जाताना त्याने खड्ड्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

त्यानंतर भावाने जे केलं ते आमच्या गावात कुणी केलेलं नव्हतं. खड्डा बुजवला तर नाहीच, उलट बाव बांधून काढायला आणून ठेवलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांनी त्याने त्याच्याभोवती कठडा बांधायला घेतला. कमरेइतका उंच, खऱ्या बावीला बांधतात तसा. मी विचारलं तर म्हणाला, "गुरां पडतली. आणि तुझ्या मोजणीत दिसाक व्हयी ना? मगे दिसांदे. उद्या कोणी वरच्या अंगाक खणूक निघालो तर हय येवन बघून जातलो." मग पुढचा चिरा बसवत म्हणाला, "बाबांनी शेण घातल्यानी नसता तर मी पण बघितलंय असतंय."

सुक्या बावीचा कठडा ही वाडीत बघण्याची गोष्ट झाली. खालची काकीही चढ चढून बघायला आली. कठड्यावर हात ठेवून तिने आत वाकून बघितलं, मग कोपऱ्यात मान टाकलेल्या कलमांकडे बघितलं.

"गोव्याक कधी जातस?"

"जूनच्या आधी."

"सुक्या बावीक कठडो बांधणारो माणूस गोव्यात काय करतलो? पाइप हाड आणि माझ्या बावीत सोड."

भाऊ नको म्हणाला. दुसऱ्याच्या बावीवर आपलं शेत भिजवायचं नाही हा आमच्या वडिलांचा नेम होता, आणि त्यांच्यापुरता तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. काकीला तो नेम माहीत होता. तिने भावाकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "तिच्या माडांक खत नाय. आपली गायरी भरलेली आसा. पाणी वर येवदे, खत खाली जावदे. मागून घेतल्यासारख्या होणा नाय."

अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच्या सुक्या बावीतून पाण्याची सोय झाली. मी हे योगायोग म्हणूनच लिहितो आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मात्र एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. मोजणीत मी प्रत्येक बाव ओली की सुकी एवढंच बघितलं होतं. मेमध्येही पुरुषभर पाणी असतं आणि उपसायला माणूस नाही, हे काकीने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. ते मी ऐकलं, पण माझ्या प्रश्नात त्याला जागा नव्हती, म्हणून सोडून दिलं.

पाइप आला, मोटर बसली. पण मधल्या दिवसांत बऱ्याच कलमांनी माना टाकल्या होत्या, आणि गोठ्याकडच्या कोपऱ्यात पाइप नीट पोचत नव्हता. मे संपत आला तेव्हा भाऊ एकदा मला म्हणाला, "निम्म्याच्या वर जगली तर मी ऱ्हवतंय. निम्मी पण नसली तर पुढच्या वर्साक पिशव्यो भरूक माझ्याकडे काय नाय. सोमवारी गोव्याक फोन करूचो आसा. बघ मोजून."

हजारो पिशव्या, आणि हातात एकच संध्याकाळ. मी म्हटलं, सगळ्या मोजायला नकोत, चाळीस ओळींतल्या तीन घेऊ. तो लगेच माझ्या हाताला धरून फणसाच्या सावलीतल्या ओळींकडे नेऊ लागला. "हयली मोज. हय बरी आसत."

मला हसू आलं. त्यालाही कळलं, पण हात त्याने सोडला नाही. मी स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून विचारलं, "आये, तीन आकडे सांग. चाळीसच्या आतले."

"कशाक?"

"सांग गो."

"माका काय ठावक? अकरा. सतरा. तीस." आतून भांड्याचा आवाज आला. "आणि मासे तळूचे आसत, आता परत विचारू नको."

माणसाच्या तोंडचे आकडे तक्त्यातल्या आकड्यांइतके चोख नसतात, पण आईला तिथून ओळी दिसत नव्हत्या, आणि माझ्या कामाला तेवढं पुरे होतं. अकरावी ओळ मधली निघाली. सतरावी नेमकी गोठ्याकडची. भाऊ म्हणाला, "ती नको." मी म्हटलं, "जिथे पडली तिथे." तिसावी बांधाकडची. तिन्ही ओळींतून मी एकेका कलमाच्या सालीला नख लावून बघत गेलो. हिरवं दिसलं की जिवंत. भाऊ माझ्यामागून चालत होता आणि मेलेलं कलम आलं की ते पिशवीसकट बाजूला ठेवत होता.

तिन्ही मिळून दहातली सात हिरवी होती. सतराव्या ओळीत त्याहून कमी, इतर दोहोंत जास्त.

"सगळ्यांत पण सातच आसतली?" त्याने विचारलं.

"सातच असा नाय. थोडी इकडेतिकडे. पण निम्म्याच्या खाली जाणा नाय."

"नक्की?"

"नक्की म्हणूचंय नाय. पण मी तुझ्या जागेवर आसतंय तर झोपलंय असतंय."

तो सतराव्या ओळीतल्या मेलेल्या कलमांपाशी बसला. एकाची माती त्याने हातात घेतली, चुरली, पिशवी झटकून घडी केली आणि खिशात घातली. पुढच्या वर्षीच्या बियांना चालेल अशी ती पिशवी होती. मग तो उठला आणि मोटर बंद करायला कठड्याच्या बाजूने खाली गेला. आईने तीन ताटं वाढायला घेतली होती.